एरंडेलाचा वास

आज सुनेनं तुरीच्या डाळीची कोठी उघडली आन् एरंडेलाचा वास घरभर झाला. दोन वर्षं मी ती कुणाला उघडू दिली न्हाई.

दोन वर्षांमागं माझी बायको अंगणात उन्हात बसून ह्याच डाळीला तेल चोळत होती. मधीच तिनं तेलकट हातानं छाती धरली. मी म्हणलं, "चल, सेनगावला दवाखान्यात जाऊ."

"डाळ अर्धी टाकून? कीड लागंल. उद्या जाऊ."

मला बराबर वाटलं. वर मीच कोठीत घालायला कडूलिंबाचा पाला आणून दिला. डाळ भरून झाली. पहाटं ती गेली.

"मामा, एक दाणा किडला न्हाई," सून म्हणाली. "आत्याबाईचा हातच चांगला."

मी म्हणलं, "व्हय. शिजव."