इसोकेनबाईंचा बर्फ आणि गव्हर्नर पोपट

बेनिन शहरात इसोकेनबाईंची बर्फाची कंपनी होती. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, बर्फ गोठवायची दोन यंत्रं, एक म्हातारा जनरेटर आणि ओसाझे नावाचा एकुलता एक कामगार. पाटीवर मात्र ‘आंतरराष्ट्रीय’ असं लिहिलेलं. बाई रोज सकाळी त्या पाटीवर प्रेमाने फडकं फिरवायच्या. कंपनीत तेवढी एकच वस्तू विजेवाचून चालायची.

वीज आली की अख्खी गल्ली ओरडायची, “आली रे आली!” ते ऐकताच ओसाझेने धावत जाऊन जनरेटर बंद करायचा आणि विजेचा खटका वर करायचा, ही कंपनीची शिस्त. तेवढंच डिझेल वाचायचं.

त्या शुक्रवारी मोठी ऑर्डर होती. शनिवारी वस्तीतल्या चीफच्या, म्हणजे मानाच्या मुखियाच्या, अंत्यविधीची मेजवानी, पाचशे पाहुणे. बिअर कोमट निघाली तर मेलेल्या माणसाची शोभा. बर्फ चुकला असता तर शहरातला एकही अंत्यविधी पुन्हा बाईंच्या दारी आला नसता.

“आली रे आली!”

ओसाझेने जनरेटर थांबवला, खटका वर केला. दिवा लागेना. म्हातारा जनरेटर एकदा थांबला की तासभर रुसायचा. त्याला आंजारून गोंजारून सुरू केलं, तोच पुन्हा “आली रे आली!” असं तीनदा झालं. बर्फाचं सरबत झालं.

“ओसाझे, कोण ओरडतंय रे?”

“गल्ली, मॅडम.”

“गल्ली जेवायला बसलीय!”

दोघांनी वर पाहिलं. पिंजऱ्यात बाईंचा करडा पोपट मान तिरकी करून बसला होता. “आली रे आली!” तो शांतपणे म्हणाला.

“मेल्या! वीज आली म्हणून घोषणा करतोस आणि दिवा काही लागत नाही. गव्हर्नर कुठला!” बाई कडाडल्या. तेच त्याचं नाव पडलं. “ओसाझे, आता कुणीही बोंबलू दे, जनरेटरला हात लावायचा नाही.”

दुपारी गल्लीत आरोळी उठली. पोरं नाचली, शेजाऱ्यांचे पंखे फिरले.

“मॅडम, या वेळी खरंच गल्ली ओरडतेय.”

“पोपटाने शिकवलं असेल गल्लीला. बस खाली.”

तासाभरात वीज गेली. शेजारपाजारचे जनरेटर खोकू लागले. बाईंचा मात्र रात्रभर एका सुरात धडधडत राहिला, डिझेल तळाला लागलं तरी.

सकाळी चीफचा थोरला मुलगा ट्रक घेऊन आला. बर्फाच्या लादीवर त्याने टिचकी मारली. दगड!

“मावशी, विजेचा हा असा खेळ, आणि तुम्ही जमवलंत कसं?”

“विश्वास ठेवला नाही,” बाई पदवी मिळाल्यासारख्या म्हणाल्या.

“आली रे आली!” पिंजऱ्यातून आवाज आला.

चीफचा मुलगा घरच्या सवयीनेच धडधडता जनरेटर बंद करायला धावला. बाईंनी सदरा धरून त्याला मागे ओढलं.