दोऱ्यानं मोजलेला घाट

ढग छपरांवर टेकले होते आणि वारं खिंडीकडून येत होतं. ढगांचं टेलरला काही नव्हतं, वारं मात्र खुपत होतं. रविवारी असंच राहिलं तर चढावर थेट छातीत बसणार. त्यानं शटर वर केलं, इस्त्री तापायला लावली आणि शाळेच्या शर्टांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. तिसऱ्याच शर्टाला त्यानं काज उलट्या बाजूला पाडलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. कपाळावर हात मारून तो टाके उसवायला बसला.

मन होतं कापायच्या टेबलावर, पसरलेल्या नकाशापाशी.

दिवसभर पाठ वाकवून बसतोस, आता तरी हल, असं डॉक्टरनं दटावल्यावर बारा वर्षांपूर्वी त्यानं सायकल घेतली होती. आधी पुलापर्यंत, मग पहिल्या खिंडीपर्यंत, आणि मग लेकीलाही नाद लागला. आता ती इस्पितळात नर्स होती आणि एक तारखेला तिची बदली लांबच्या शहरात होणार होती. तिनं एकच हट्ट धरला होता. "बाबा, जायच्या आधी पूर्ण फेरी. तू आणि मी."

पूर्ण फेरी म्हणजे वरच्या नाक्यातून सरहद्दीपलीकडे जायचं, तीन खिंडी ओलांडायच्या आणि खालच्या नाक्यातून परत यायचं. एका दिवसाचा पास. खालचा नाका पाचला बंद. पाच वाजून एक मिनिटानं पोचलात तर रात्र पलीकडच्या उघड्या डोंगरावर, थंडीत.

पलीकडचा रस्ता मोबाईलवर नीट दिसत नव्हता, म्हणून त्यानं कागदी नकाशावर वाटेवरून दोरा घालून अंतर मोजलं होतं. घरापासून खालच्या नाक्यापर्यंत एकशे तीस किलोमीटर. सकाळी सहाला निघायचं, दुपारी चारला नाक्यावर. हाताशी एक तास. तरीही तीन दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याला कारण होतं. मागच्या वर्षी तो एकटाच ही फेरी करायला गेला होता. दुसऱ्या खिंडीच्या माथ्यावर पुढचा उतार बघितला आणि पाय पुढे जाईनात. आल्या वाटेनं तो परत फिरला. घरी येऊन सांगितलं, "खालचा नाका बंद होता म्हणे." कुणी काही विचारलं नाही.

दहाच्या सुमाराला ड्रायव्हरमामा पँट न्यायला आले. बावीस वर्षं त्यांनी त्याच रस्त्यावर ट्रक चालवला होता.

"झाली का रे? की अजून पोटाचा घेरच मोजतोयस?"

"त्याला टेप पुरेना, मामा. दोन जोडाव्या लागल्या."

मामा हसत टेबलाशी आले आणि दोरा बघून थांबले. "हे काय मांडलंयस?"

टेलरनं सांगितलं. मामांनी तिसऱ्या खिंडीवर बोट ठेवलं. "इथं तू दोरा सरळ ओढलास. अरे, इथं सव्वीस वळणं आहेत! गिअर बदलून बदलून माझा खांदा गेला तिथं. इथून नाक्यापर्यंत मीटरच्या काट्यावर एकशे पंचावन्न पडायचे. शंभरदा बघितलेत."

टेलर दोऱ्याकडे बघत राहिला. बाहीचं माप हात वाकवून घ्यायचं, नाहीतर मनगट उघडं पडतं, हे त्यानं लेकीला ती दहा वर्षांची असताना शिकवलं होतं. आणि स्वतः घाटावर सरळ दोरा घातला होता. पंचवीस किलोमीटर कमी. म्हणजे दोन तास. म्हणजे सहा वाजता बंद नाक्यासमोर, लेकीला घेऊन.

मामांनी पँट चढवून बघितली. "खाली लांब पडतेय, जरा वर घे," म्हणत ते बाकावर टेकले.

तेवढ्यात लेक ड्यूटीवर जाता जाता डोकावली. "बाबा, माझ्या ब्रेकच्या रबरांचं काय झालं?"

आता बोलायची वेळ होती. अंतर वाढलं, नको जायला, एवढं म्हटलं की सुटला असता. कारण खरं होतं, मामा साक्षीला होते. पण तोंड उघडताना त्याला कळेना, हा नकाशा बोलतोय की मागच्या वर्षीचे पाय.

"माझं माप चुकलं," तो म्हणाला. "पंचवीस जास्त आहेत. आणि अजून एक. मागच्या वर्षी नाका बंद नव्हता. मी घाबरून फिरलो."

मामांनी छताकडे बघितलं. लेक नकाशाशी आली. दोरा उचलून तिनं तो एकेका वळणाला टाचणी टोचत पुन्हा बसवला.

"वरचा नाका किती वाजता उघडतो, मामा?"

"सहाला."

"आणि तिथपर्यंत आपल्याला दोन तास. मग पहाटे चारला निघू, बाबा. दुसऱ्या खिंडीवर साडेबारा वाजले तर दोघंही परत. मीही घाबरून फिरेन. चालेल?"

"साडेबारा नको. बारा."

"बारा तर बारा. पण सांगताना खरं सांगायचं."

ती गेली. वारं तसंच खिंडीकडून येत होतं. बारापर्यंत दुसरी खिंड होईल का, टेलर मनात पुन्हा मोजू लागला.

"टेलर," मामा बाकावरून म्हणाले, "माझे पाय काही रविवारपर्यंत वाढायचे नाहीत. पँट वर घे."

त्यानं नकाशा घडी न करताच बाजूला सरकवला, मामांना आरशासमोर उभं केलं आणि दातांत दोन टाचण्या धरून गुडघ्यांवर बसला. "जरा गुडघा वाकवून दाखवा," तो म्हणाला आणि पायाशी पुन्हा एकदा माप घेतलं.