प्रिंटरचं झाकण

महाळुंग्याच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. एकदा सुरक्षेसाठी मी सगळ्या कॉम्प्युटरवरचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पॅकिंग लाइनवरचा लेबल प्रिंटर मधूनच बंद पडू लागला. मॅनेजर म्हणाले, "जुनंच परत टाका." पण जुन्यात व्हायरस शिरायला वाट होती, म्हणून मला ते नको होतं. दोन दिवस शोधूनही दोष काही सापडेना.

लाइनवर कुरुळीच्या एक ताई लेबलं लावायच्या. मला डोकं धरून बसलेलं बघून त्या म्हणाल्या, "दादा, त्यो उगाच कवाबी बंद पडत न्हाई. रोल बदलायला झाकण उघडलं, अन् तवाच छपाई आली, की आडतोय."

मी तसं करून पाहिलं, तर पहिल्याच खेपेला प्रिंटर अडला.

तेवढंच नीट लिहून मी हे कर्नल सांभाळणाऱ्या जगभरच्या प्रोग्रामरना मेल केला. त्यांच्यातल्या एका अनोळखी माणसाने चार दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं? त्यांचं नाव दुरुस्तीच्या नोंदीत घालतो." मी ताईंचं नाव कळवलं.

प्रिंटर सुरळीत चालू लागल्यावर मी ताईंना मोबाइलवर नोंदीतली ती ओळ दाखवली आणि ही दुरुस्ती आता सगळीकडे जाते, हे सांगितलं. स्वतःचं नाव दोनदा वाचून त्या म्हणाल्या, "म्हंजे दुसऱ्या कंपन्यांतबी आता आडणार न्हाई?"

"नाही अडणार."

"मग झालं," म्हणून त्या कामाला लागल्या. मी आभार मानले खरे, पण ते फार तोकडे पडले, असं मला अजून वाटतं.