सोनवणे सरांचा न संपणारा डाव

गणितवाल्यांचे किस्से जमतात कधी, हे गणितवाल्यांनाही कळत नाही. बारामतीच्या आमच्या कॉलेजात गणिताला आम्ही तिघंच, त्यातले दोघं मुखदुर्बळ. तरी नव्वदच्या दशकात स्टाफरूममध्ये ढीग साठला, आणि तो सगळा एकट्या सोनवणे सरांच्या नावावर!

सर इंदापूरचे. विषय टोपॉलॉजी, म्हणजे जागा आणि बिंदूंचं गणित; पीएच.डी. चालू. किती वर्षं, ते विचारू नका. नोंदणी झाली त्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, 'डॉ. सोनवणे' अशी पाटी रंगवून दारावर ठोकली आणि 'डॉ.'वर कागदाची पट्टी चिकटवली. दर पावसाळ्यात पट्टी भिजून सुटायची, तात्या नवी चिकटवायचे. "माझ्या डोळ्यांदेखत कायमची निघू दी रं," एवढंच त्यांचं मागणं. आणि सरांना मिळालेली मुदतवाढ शेवटची होती.

*

सरांच्या बहिणीचं लग्न ठरलं. कऱ्हाटीच्या पाहुण्यांना पत्रिका वाटायचं काम सरांकडे आलं.

त्यांच्या विषयात एक सोय आहे. काही जागांमध्ये मोजता येतील एवढेच बिंदू असे निवडता येतात, की कुठंही बोट ठेवा, त्यातला एखादा अगदी जवळ सापडतोच. सरांनी दर गल्लीत एकच पत्रिका दिली. "बाकीचे सगळे जवळच आहेत की!" मला म्हणाले.

लग्नाला कऱ्हाटीचं बाकीचं अख्खं गाव आलं, पत्रिका का नाही म्हणून जाब विचारायला. आलं ते जेवूनच गेलं. पत्रिका मिळालेले मात्र एकही फिरकले नाहीत. कारण काय? "आमी एकट्यानंच कसं जायाचं? शेजारी काय म्हणंल!"

*

सरांचा खरा विषय याच्या पुढचा. आवरणांची न संपणारी रांग घ्यायची. प्रत्येक आवरण अनेक तुकड्यांचं, अख्खी जागा झाकणारं. प्रत्येकातून एकच तुकडा उचलायचा आणि त्या तुकड्यांनी पुन्हा अख्खी जागा झाकायची.

मे महिन्यात रानात कांद्याचा ढीग उघडा होता आणि वळवाचे ढग आले. तात्या म्हणाले, "शेजारनं ताडपत्र्या आण." शेजारच्या एकाच घरात ढीग झाकेल एवढ्या ताडपत्र्या होत्या. सरांनी त्यातली एकच उचलली आणि पुढच्या घरी गेले. वस्तीवर घरं सात. सात तुकडे झाले, अर्धा ढीग उघडाच!

"घरं कमी पडली, तात्या. अनंत असती तर झाकला असता."

"तवर पाऊस थांबतुय व्हय रं?" तात्या म्हणाले आणि स्वतःच पळत सुटले.

*

याचाच एक खेळ आहे. स्टाफरूममध्ये मी आवरण मांडायचो, सर त्यातला एक तुकडा उचलायचे. फेऱ्या अनंत. शेवटी सगळं झाकलं तर सर जिंकले, एखादा बिंदू उघडा राहिला तर मी.

एकदा प्राचार्य आले. "कोण जिंकतंय?"

"अनंत फेऱ्या झाल्या की कळेल, सर."

"मग तुमच्या बढतीचंही तेव्हाच बघू!"

त्या दिवशी तात्या डबा घेऊन आले होते. बाकावर बसून तासभर खेळ बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "बरा हाय डाव. उगं घाई न्हाय."

*

आणि मग सरांची तोंडी परीक्षा! ती आमच्याच कॉलेजात झाली. बाहेरून आलेले परीक्षक नावाजलेले, तापट. तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले, "जयभीम साहेब" म्हणाले आणि शेवटच्या बाकावर बसले.

परीक्षक म्हणाले, "सिद्धता राहू द्या. माझ्याशी खेळून दाखवा."

फळ्यावर डाव सुरू झाला. परीक्षक आवरणं मांडत होते, सर तुकडे उचलत होते. अकराव्या फेरीचा तुकडा सरांनी उचलला. परीक्षकांनी फळ्यावरच्या एका बिंदूवर खडू आपटला. "हा अजून उघडाच! हरलात तुम्ही!"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. पुढची मुदतवाढ नव्हती.

मागून तात्या उभे राहिले. "साहेब, ह्या डावाच्या फेऱ्या किती?"

"अनंत."

"झाल्या किती?"

"अकरा."

"मग ह्यो हरला कवा?"

परीक्षकांनी फळ्याकडे पाहिलं. मग छताकडे. मग बराच वेळ तात्यांकडे. खुर्चीवरून अर्धवट उठत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"आपण... गणितातलं आपलं काम कुठं केलंत?"

"माळेगावला," तात्या म्हणाले, "साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर."

परीक्षकांनी पेन काढलं आणि सरांच्या पीएच.डी.च्या शिफारशीवर सही केली.