उत्तर सहा

तुम्हाला म्हणून सांगतो, टी. नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याएवढा गणिती नाही! आता सातवीत गणितानंच मला शाळेबाहेर काढलं, ते सोडा. हल्ली डोकं लागतंय कुणाला? मोबाइल लागतो!

आमच्याकडचे रंगराजन सर, रिटायर मास्तर, रोज सकाळी गेटजवळच्या फळ्यावर तमिळमध्ये एक गणित घालतात. मी अर्धा जन्म चेन्नईत काढला, तमिळमध्ये भांडतो फर्डा. पण वाचायचं म्हटलं की नुसत्या जिलब्या! म्हणून नातीनं मोबाइलात एक ॲप घालून दिलंय. फळ्याचा फोटो काढायचा, की ठळक उत्तर हजर. मग डोळे मिटायचे, कपाळावर बोट टेकायचं आणि द्यायचं ठोकून! सर थक्क. म्हणाले, "राव, उद्याही जमलं तर रविवारचं गणित तुम्हीच घाला."

खडू माझ्या हातात! विचार करा!

दुसऱ्या दिवशी शनिवार. इकडच्या रीतीप्रमाणे मी डोक्यापासून पायापर्यंत तिळाचं तेल चोपडलेलं. बायको ओरडली, "अहो, आधी अंघोळ उरका!"

"आधी गणित!" म्हटलं, नि पंचा गुंडाळून खाली.

फळ्यापुढे ही गर्दी! मोबाइल तेलकट हातातून मासोळीसारखा निसटतोय. कसाबसा फोटो काढला, डोळे मिटले. "सहा!"

सर बघतच राहिले. "सहा काय, राव?"

आली का पंचाईत! ॲपवर बाकी सगळं इंग्रजी. पण मी हटतो की काय? फळ्यावर दहा, मधे एक आडवी रेघ आणि चार, एवढं दिसत होतंच.

"आंबे! दहा होते, चार सडले."

वॉचमन तोंडावर टोपी धरून खोकायला लागला. बाकीच्यांनी तेवढीही भीड ठेवली नाही. सर तर डोळे पुसत बाकावरच बसले.

"राव, आज मी गणित घातलंच नाही हो! ही वॉचमनची नोटीस. टाकी धुणार आहेत. दहा ते चार पाणी बंद. उत्तर मात्र बरोब्बर, सहा तास!"

दहा तर वाजून गेलेले! मी तेलकट पायांनी घसरत, कठडा धरत जिना चढलो. नळ फिरवला. त्यानं एक ढेकर दिला नि गप्प.

"अगं, बादली तरी भरून ठेवलीस का?"

बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी. "मी कशाला भरू? घरात एवढा मोठा गणिती असताना पाण्याची वेळ मी बघायची? उभे राहा आता सहा तास. आणि खबरदार, सोफ्याला टेकलात तर!"