न मागितलेली वर्गणी

अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका जागोजाग असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं लिहिणं म्हणजे किराणाची यादी, तेवढंच. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या लेकीच्या हाती लागलं, तर तिनं अक्षराला हसून बाजूला ठेवू नये, शेवटपर्यंत वाचावं.

आमचं घर हिंजवडीजवळच्या नांदे गावात. रस्त्याकडच्या वावरात सासऱ्यांनी भाड्याच्या बारा खोल्या काढल्या. परभणी, लातूरकडची, हिंजवडीला कामाला जाणारी पोरं-पोरी तिथं राहतात. मला मालकीणबाई म्हणतात. भाडं हेच घेतात. मी कुणाच्या दाराशी जाऊन कधी बोलले नाही. माणूस समोर आला की माझी जीभच उचलत नाही, ते लहानपणापासूनच.

पावसाळ्यात दरड येऊन रस्ता तुटला की डोंगरातल्या वाड्यांवर धान्य, ताडपत्री, औषधं पोहोचवणारी एक लहानशी संस्था आहे. तिथं मला आक्का घेऊन गेली. आक्का आमच्या मागच्या आळीत राहते, शेजारच्या चांदे गावातल्या बिल्डिंगांमध्ये भांडी घासते. तांदूळ निवडायचे, पिशव्या भरायच्या, तोंडं बांधायची. बोलायचं काम नाही म्हणून मला ते आवडलं. घरातून एवढा वेळ मी दुसऱ्या कशासाठी बाहेर पडले नव्हते.

पुढं उरवड्याकडचा एक कारखाना दरवर्षी मोठा चेक द्यायचा, तो चेक यायचा बंद झाला. संस्थेच्या मॅडमनी आम्हा बायकांना बसवून सांगितलं, एकाच्या चेकवर चाललं की तो थांबला की आपण थांबतो. त्यापेक्षा महिन्याला पन्नास रुपये देणारी पुष्कळ घरं जोडायची. चार गेली तरी बाकीची राहतात. मग एकेकीनं आपापली घरं सांगितली. आक्कानं पाच सांगितली. माझ्याकडं बघून मॅडम म्हणाल्या, तुमच्या तर बारा खोल्या आहेत. मी मान हलवली. काही सुचलं नाही की मी मान हलवते.

रविवारी गेले. पहिल्या खोलीत पोरी कशाला तरी हसत होत्या. कडी वाजवायला हात वर केला आणि तसाच राहिला. वाटलं, मालकीण पैसे मागायला आली म्हटल्यावर ह्यांना भाडं वाढल्यासारखं वाटेल. नको म्हणायचीही चोरी. आणि भावकीला कळलं तर म्हणतील, एवढ्या खोल्यांची मालकीण आणि दारोदार वर्गणी मागत हिंडती. परत आले. दुधाचे पैसे माझ्याकडं असायचे. त्यातले सहाशे पाकिटात घातले आणि संस्थेत नेऊन दिले.

"सगळ्यांनी दिले?" मॅडमनी विचारलं.

मी मान हलवली.

दुसऱ्या महिन्यात मागू असं ठरवलं होतं. दुसऱ्या महिन्यात तर आणखीच अवघड झालं, कारण पहिल्या महिन्याचे त्यांनी दिलेच होते ना, माझ्या सांगण्यानुसार. असं करत पाऊस गेला. मॅडम सगळ्यांसमोर माझं कौतुक करायच्या. आक्काची पाच घरं कधी चार व्हायची, कुणी गावाला गेलेलं, कुणी पुढच्या महिन्यात देते म्हणालेलं. मॅडम तिला गोडीनंच म्हणायच्या, "त्यांना बघा आक्का. तोंडातून शब्द निघत नाही, तरी बारा घरं येतात." आक्का खाली बघून पिशवीचं तोंड बांधत राहायची. दारोदार जाऊन खरोखर मागणारी ती होती. पुढं ती यायची बंद झाली. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच गुडघ्यांनी ती चार-चार मजले चढून भांडी घासते, हे मला ठाऊक होतं.

मग म्हैस आटली. दूध नाही म्हणजे माझ्या हातात पैसा नाही. ह्यांना सांगायचं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं. मी बचत गटातून पाच हजारांचं कर्ज उचललं, म्हशीच्या औषधपाण्याला म्हणून. जामीन कोण, तर आक्का. गटाच्या बायका वाटेत भेटल्या की विचारायच्या, "म्हस बरी हाय का गं?" मी मान हलवायची. म्हैस गोठ्यात धडधाकट उभी.

आमच्या गटाचा नियम असा, की एकीचं कर्ज फिटेपर्यंत तिच्या जामीनदाराला कर्ज मिळत नाही. आक्काची लेक फाल्गुनात बाळंतपणाला यायची होती, तेव्हा आक्काला पैसे लागणार होते. सही करताना ती एवढंच म्हणाली, तोवर फेड म्हंजी झालं. आणि मी ते पैसे दर महिन्याला पाकिटात घालून संस्थेत नेत होते, हप्ता एकही भरला नव्हता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, न सांगता, मॅडम तिळगूळ घेऊन आल्या. दर महिन्याला देणाऱ्यांना हातानं तिळगूळ द्यायचा म्हणाल्या. मला थांबवता आलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीतली परभणीची पोरगी दारात आली. मॅडमनी तिचे आभार मानले, तिच्या पैशांतून वाडीवर काय काय गेलं ते सांगितलं. पोरगी माझ्याकडं बघायला लागली.

"सॉरी मॅडम, पण मी कधी काही दिलं नाही. आमच्याकडं कुणी आलंच नाही."

मग म्हणाली, "मालकीणबाई, विचारलं असतं तर दिले असते की आम्ही."

मॅडम पुढच्या खोलीकडं गेल्या नाहीत. आमच्या ओट्यावर बसल्या. मी तुटक तुटक सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावलं.

"पैसे तुम्ही आणलेत, पण मी माणसं मागितली होती," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याकडचे संपले, तर ह्या बारा खोल्यांतून संस्थेला काय येणार? आणि मी आक्कांना तुमचं उदाहरण देत बसले."

तुम्ही दिलेले पैसे परत देते म्हणाल्या. मी नको म्हटलं. ते धान्य वाडीवरच्या लोकांनी खाऊनही झालं होतं.

आक्काकडं मी दोन दिवसांनी गेले. ती परसात कपडे वाळत घालत होती. सगळं ऐकेपर्यंत तिनं हात थांबवला नाही.

"मंगळवारी परडी घिऊन पाच घरं जोगवा मागतीस, तवा कशी लाजत न्हाईस?" ती म्हणाली.

"तो देवीचा असतो, आक्का."

"आन् ह्यो कुणाचा हुता?" तिनं चिमटा लावला. "मला वाटायचं, माझंच तोंड वंगाळ हाय म्हून लोक देत न्हाईत. माझ्या लेकीच्या टायमाला पैसं दे, बाकी मला काय सांगू नगंस."

त्या रात्री ह्यांना सांगितलं. हे ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे हसले. म्हणाले, लोकं वर्गणी खातात, तू घरची घालून आलीस. मग म्हणाले, भाड्यातला एक रुपया मिळायचा न्हाई, तुजं तू फेड.

परभणीच्या पोरीनं वाट काढली. डब्याच्या चपात्यांना सगळे कंटाळलेत, भाकरी करून द्याल का, आम्ही विकत घेऊ, तिनं विचारलं. तिनंच मोबाईलवर सगळ्यांना कळवलं. रोज संध्याकाळी मी चुलीवर भाकऱ्या थापायची आणि टोपली घेऊन खोल्यांवर जायची. दार वाजवावंच लागायचं. आठ-दहा दिवसांनी मी भाकरी देताना संस्थेचंही विचारायला लागले. आवाज इतका बारीक यायचा की "काय?" म्हणून दोनदा विचारायचे. काहींनी दिले. लातूरचा एक मुलगा म्हणाला, जमणार नाही हो, घरी पाठवावे लागतात. तो नाही म्हणाला आणि काहीच झालं नाही, भाकरी घेऊन त्यानं दार लावलं. मी एवढे महिने त्या एका नाहीला भीत होते.

बारा खोल्यांतून आता सात घरं देतात. मॅडमना मी सातच सांगते. त्या आक्काच्या घरी जाऊन आल्या, माफी मागितली, पण आक्का परत आली नाही. तिची जागा पिशव्या भरताना माझ्या शेजारी मोकळी असते. गटातल्या बायकांना अजून म्हैसच आजारी होती असं वाटतं. त्यांच्यापुढं खरं सांगायचं धाडस माझ्यात नाही, ते इथं लिहिते.

फाल्गुनात आक्काची लेक आली. त्याच आठवड्यात देवळात गटाची बैठक होती. मी रुमालात बांधलेले पैसे सचिवबाईंपुढं ठेवले. दहा-वीसच्या नोटा जास्त होत्या, त्यांना पीठ लागलं होतं. मोजायला वेळ लागला. आक्का माझ्या पलीकडं बसली होती, माझ्याकडं न बघता. मुद्दल आणि व्याज, सगळं पुरं भरलं, असं सचिवबाईंनी मोठ्यानं सांगितलं. मग त्यांनी आक्काचा अर्ज पुढं घेतला.