पडद्यामागून पाहिलेला सिनेमा

सत्तर-एकाहत्तरचा मे महिना. जळगावचं ऊन, अक्काची ओसरी, आणि पोस्टमनची वाट बघत येरझारा घालणारी मी... अक्का म्हणजे माझी आत्या. बी.ए. करायला मी तिच्याकडे राहत होते आणि त्या महिन्यात तिला अगदी नकोशी झाले होते.

"बस ना माय एका जागावर, फरशी झिजी जाई!" असं ती दिवसातून चारदा म्हणायची. मी बसायचे... आणि परत उठायचे.

कारण एकच. पुण्याच्या सिनेमा शिकवणाऱ्या शाळेत मी अर्ज केला होता, संकलनासाठी. म्हणजे फिल्म कापायची आणि जोडायची. जागा मोजक्या, अर्ज देशभरातून. मुलाखत देऊन आले होते आणि आता निकालाचं पत्र यायचं होतं.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फॉर्मवर सही केली ती एका अटीवर. "एकच डाव. नही जमनं तर धुळानं स्थळ शेच." धुळ्याचा मुलगा काही वाईट नव्हता, सरकारी नोकरीत होता. पण त्याचा फोटो समोर आला की मी तो पालथा घालून ठेवायचे.

आता मुलाखतीत काय झालं ते सांगते, म्हणजे माझ्या येरझारा कळतील.

अर्जात एक प्रश्न होता... मनात राहिलेला सिनेमातला एखादा प्रसंग बारकाव्यांसह लिहा. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. तिथे दर उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा. त्यातला एक मी लागोपाठ चार दिवस पाहिला होता, त्यात नायिका घर सोडून जाते. ती कुठल्या दाराने आली, कुठल्या हाताने चिठ्ठी लिहिली, निघताना कुठल्या बाजूला वळून पाहिलं... आठ पानं लिहिली मी. इतकं बारीक दुसरं कोण लिहिणार, अशी घमेंडही होती.

पुण्यात समोर तिघे जण. त्यातल्या एकाने माझी पानं चाळत विचारलं, हा सिनेमा तुम्ही खरंच पाहिलाय, की कुणाकडून ऐकून लिहिलंय? मी भडकलेच. चार वेळा पाहिलाय म्हटलं! तर ते शांतपणे म्हणाले, नायिका उजव्या हाताने चिठ्ठी लिहिते, तुम्ही डाव्या हाताने लिहायला लावलीत. दार उलट्या बाजूला, वळून बघणं उलट्या बाजूला... आठच्या आठ पानं उलटी.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. पुरुष पुढे, बाया मागे. कापड पातळ, त्यामुळे मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं. नावं उलटी येतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, मला तर ती वाचताही यायची. पण अक्षरांबरोबर माणसंही उलटी होतात, हे मेलं कधी सुचलंच नव्हतं!

मी तसं सांगितलं. एक जण हसला, दुसऱ्याने काहीतरी टिपून घेतलं आणि तिसरे मला "या आता" म्हणाले.

बाहेर नाना बाकावर दशम्यांची पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले होते. मी रडत रडत सगळं सांगितलं, आणि रागाच्या भरात म्हणून गेले, बायांनी मागे बसायचं हे तुम्हीच ठरवलंत ना? खरंच होतं ते. नाना गावच्या पंचांपैकी एक, आणि तो नियम त्यांनीच घातलेला. त्यांनी पुरचुंडी सोडून एक दशमी माझ्या हातावर ठेवली. स्वतः मात्र जळगावपर्यंत एकही खाल्ली नाही.

तर असा तो मे महिना... शेवटी पाकीट आलं. नाव नव्हतं माझं. अक्का काहीतरी समजूत घालत होती, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. दुपारच्याच एस.टी.ने गावी गेले. अख्ख्या रस्त्यात तो धुळ्याचा फोटो डोळ्यांपुढे.

नानांनी पत्र वाचून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. "सांजले तयार राहाय," एवढंच म्हणाले. म्हटलं, झालं... धुळ्याची माणसं येणार.

दिवेलागणीला नाना मला घेऊन निघाले ते थेट तंबूत. पडद्याच्या पुढच्या बाजूला! पुरुषांत खसफस सुरू झाली, कोणीतरी खाकरलं. नानांनी सतरंजीवर बैठक मारली आणि शेजारच्यांना म्हणाले, "सरका रे जराखा. मनी पोर आठेच बसी."

मी तिथेच, त्यांच्याजवळ बसले. माझे कान नुसते तापले होते. त्या दिवशी सिनेमा कुठला होता ते आजही सांगता येणार नाही, मी फक्त हात बघत होते. सगळी माणसं उजव्या हाताने जेवत होती...

घरी परतताना नाना पुढे, मी मागे. मागे न बघताच म्हणाले, "धुळाले नही म्हनी दिनं मी. पुढला साल परत फॉर्म भर. आते पुढून देखीसन लिख."

दुसऱ्या दिवशी माझी आई पुढे येऊन बसली, मग शेजारच्या दोघी. पुढच्या उन्हाळ्यात पडद्यामागची जागा अशी रिकामी पडली की लोक तिथे बैल बांधायला लागले.

त्याच वर्षी मला जागा मिळाली. मग जन्मभर फिल्म कापली आणि जोडली, आणि फिल्मची पट्टी उलटी धरली तरी अक्षरं झरझर वाचते म्हणून बरोबरीच्यांना माझं भारी कौतुक वाटायचं.

"माझं चुकलं" असं नाना कधी म्हणाले नाहीत. अट घालणारे तेच आणि मोडणारेही तेच. चारचौघांना सरकवून सतरंजीवर माझ्यापुरती जागा केली, बस्स... मला ती आजवर पुरली आहे.